डाग भिंगाचा नव्हता

आमच्या चष्म्याच्या दुकानाच्या पाटीवर बाबांचं नाव आहे आणि त्याखाली 'आणि सन्स'. सन्स म्हणजे मी. मुलगा होणार या भरवशावर बाबांनी पाटी आधीच रंगवून घेतली आणि झाली मुलगी. पाटी बदलायचा कंटाळा आमच्या घरात सगळ्यांनाच. आईचं नाव मात्र तिथे कधीच नव्हतं. चौतीस वर्षं ती प्रत्येक चष्मा उजेडाकडे धरून पुसते, काड्या कानामागे नीट बसवून देते, आणि सगळी गल्ली तिला 'चष्मेवाल्याची बायको' म्हणून ओळखते. तिला याचं वाईट वाटायचं. बोलून दाखवायची नाही, पण पाटी पुसायची वेळ आली की फडकं माझ्या हातात द्यायची.

बाबांना आकाशाचं वेड. गच्चीवरच्या दुर्बिणीला कॅमेरा लावून ते फोटो काढतात आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर पसरून बसतात. नऊ वर्षांपूर्वी अशाच फोटोंत त्यांना मंगळ आणि गुरू यांच्या मधे फिरणारा एक लघुग्रह सापडला. लघुग्रह म्हणजे धोंडाच, पण बाबांचा. त्याची कक्षा पक्की होण्यात नऊ वर्षं गेली आणि यंदा नावं ठरवणाऱ्या मंडळाचं पत्र आलं. शोधणाऱ्याने नाव सुचवावं, फक्त स्वतःचं सुचवू नये.

"तुझं देतो," बाबा आईला म्हणाले.

"बघू," आई म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत तिने सहा गिऱ्हाइकांना आणि पोस्टमनला ही बातमी सांगून टाकली.

अर्ज शुक्रवारपर्यंत पाठवायचा होता. मंगळवारी बाबांनी ताजे फोटो पाहिले, तर धोंड्यामागे एक पुसट फराटा. फराटा दिसला की चष्मेवाल्याला एकच सुचतं.

"भिंगाला बोट कुणी लावलं?" त्यांनी माझ्यावर डोळे वटारले.

मग त्यांनी दुर्बीण पुसली, कॅमेरा पुसला, शेवटी स्वतःचा चष्मासुद्धा पुसला. बुधवारच्या फोटोंत फराटा होताच. बाबांचा चेहरा उतरला.

"शेपटी आहे ती," ते माझ्या कानाशी पुटपुटले. "हा तर धूमकेतू निघाला. पोटात बर्फ असणार, उन्हाने त्याची वाफ होतेय."

"मग चांगलंच आहे की."

"काय चांगलं? धूमकेतूला शोधणाऱ्याचंच आडनाव लागतं. तुझ्या आईला आता काय तोंड दाखवू?"

आकाशात आपलं नाव लागणार म्हणून रडकुंडीला आलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी ते फोटो लहान मुलांच्या फ्रेम्सच्या खणात दडवले. त्या खणात आई दिवसातून दहादा हात घालते. लपवाछपवीत बाबांचा हात धरणारं कुणी नाही.

गुरुवारी सकाळी आईने फोटो उजेडाकडे धरला, भिंग धरते तसाच.

"हा डाग भिंगाचा नाही," ती म्हणाली. "भिंगाचा असता तर सगळ्या ताऱ्यांना लागला असता. हा एकट्याच्याच मागे आहे."

बाबांनी सगळं कबूल केलं. वर म्हणाले, "मी गप्प बसतो. एवढीशी शेपटी कुणाला दिसतेय? लघुग्रहाचा अर्ज उद्या टाकून मोकळे होऊ."

आईने फोटो खाली ठेवून काउंटरवरचा एक चष्मा उचलला. हातातला चष्मा लख्ख होता, तरी तिने तो पुन्हा पुसला. त्याच आठवड्यात पावतीपुस्तकाच्या मागे तिने आपलं नाव चार-पाच प्रकारे लिहून पाहिलं होतं आणि ते मी बघितलं होतं.

"आपण कधी कुणाला खोटा नंबर लिहून दिलाय?" तिने विचारलं.

"नाही."

"मग याचाही खरा लिहा."

आणि समोर बसून तिने लिहून घेतलं. नावाचा अर्ज तर गेलाच, सोबत शेपटीचे सगळे फोटोही गेले.

उत्तर यायला चार महिने लागले. हा गोळा धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही, म्हणून मंडळाने त्याला दोन्ही याद्यांत ठेवला होता. लघुग्रहांच्या यादीत आईचं नाव आणि धूमकेतूंच्या यादीत आमचं आडनाव.

"आडनाव माझं आहे," बाबा हळूच म्हणाले.

"लग्नापासून मीही तेच लावतेय," आई म्हणाली.

 डोळे तपासायच्या तक्त्याखाली बाबांनी ते पत्र फ्रेम करून टांगलं आणि येईल त्याला तक्ता संपल्यावर पत्रही वाचायला लावू लागले. परवा शाळेतले निवृत्त मास्तर आले. बावीस वर्षांचं गिऱ्हाईक. तक्ता घडाघडा वाचून ते पत्रावर आले, नाव वाचलं आणि थांबले.

"वहिनी, हे तुमचं नाव?" ते ओशाळून म्हणाले. "इतकी वर्षं येतोय, मी कधी विचारलंच नाही."

आईने त्यांच्या नाकावरचा चष्मा काढला, उजेडाकडे धरला, दोन्ही बाजूंनी पुसला आणि परत नीट बसवून दिला.

"आता पुन्हा वाचा," ती म्हणाली. "मोठ्याने."