डग्ग्याची जागा

तनयने सबवूफरचा जड बॉक्स पोटाशी धरून उचलला, डिकीत उलटा फिरवला आणि मागच्या सीटला टेकवून ठेवला. स्पीकरचं तोंड आता डिकीच्या दाराकडे झालं. त्याने दार लावलं. पुढे, ड्रायव्हरच्या सीटवर बसलेल्या दिवाकरांना तो दणका पाठीत जाणवला. आवाज मात्र गादीखालून यावा तसा आला.

वळसा घालून तनय खिडकीशी आला आणि वाकला.

"बाबा, मघाशी तोंड तुमच्याकडे होतं. आता मागे केलंय. फरक वाटतो का बघा."

"माझ्याकडे असताना जास्त यायला हवं की."

"बारीक आवाजाचं तसं असतं. हा जाड आवाज. मागच्या दारावर आपटतो, परत येतो आणि येताना भरून येतो. छोट्या गाडीत तर फारच." तनयने हातातला आवाज मोजायचा मीटर टपावर ठेवला. "पण मीटरवर माझा पूर्ण विश्वास नाही. म्हणून तुम्हाला बसवलंय."

दिवाकरांनी मान डोलावली. मुलाच्या ओठांवरची नजर त्यांनी काढली नव्हती.

दिवाकर गायधनींनी पंचवटीतल्या घरी जन्मभर तबला शिकवला. स्वयंपाकघरात पाणी पिता पिता बाहेरच्या खोलीतल्या कोणाचं बोट तबल्याच्या काठावरच्या चाटेवरून सरकलं हे ते सांगत, आणि ते कधी चुकत नसे. मग कधीतरी त्या चाटेचा नादच बोथट व्हायला लागला. आधी त्यांनी तबल्याला दोष दिला, मग पोरांच्या बोटांना. शेवटी शेवटी पोरांची बोटं पडताना दिसायची आणि नाद यायचा नाही. डग्गा तेवढा घुमत राहायचा. गुडघ्यांमुळे मांडी घालवत नाही असं सांगून त्यांनी क्लास बंद केला. त्यांच्या पत्नी श्यामलाबाईंनी गुडघ्यांना तेल चोळायला सुरुवात केली. त्यांनी चोळू दिलं.

तनयच्या दुकानात ते आज पहिल्यांदा आले होते. मुंबई नाक्याजवळच्या या गाळ्यात तो गाड्यांना म्युझिक सिस्टिम बसवायचा. उद्घाटनाच्या सकाळी तो पेढे घेऊन पाया पडायला आला, तेव्हा समोर शिष्य बसलेले होते. "डब्यात आवाज कोंबायचं दुकान," दिवाकर म्हणाले होते. "तिथे माझं काय काम?" शिष्य हसले. तनयही हसला. त्यानंतर त्याने कधी बोलावलं नाही.

आता नव्या गाड्यांत सगळं कंपनीतूनच बसवून येतं. तनयकडे येणारी गिऱ्हाइकं आटत गेली होती. पुढच्या महिन्यापासून तो सिन्नरला एका कारखान्यात मेंटेनन्सला लागणार होता. दुकानातली शेवटची गाडी घरचीच, आईला फिरवता यावं म्हणून घेतलेली जुनी हॅचबॅक. काल जेवताना तो ताटाकडे बघत काहीतरी पुटपुटला. श्यामलाबाईंनी ते मोठ्याने सांगितलं, "अहो, बॉक्स कुठे ठेवायचा ते बाबांनी येऊन सांगावं म्हणतोय."

"येतो," दिवाकर म्हणाले होते. भाताचा घास तनयच्या हातातच राहिला होता.

तनयने आता पुन्हा मघाचंच रेकॉर्डिंग लावलं. एका जुन्या गायिकेचा विलंबित ख्याल. त्यांच्या घरात ही कॅसेट इतकी वाजली होती की फीत दोनदा तुटली आणि दोनदा जोडली गेली.

मघाशी, तोंड पुढे असताना, डग्गा मानेवर नुसता थापटल्यासारखा लागत होता. आता तो सीटच्या खालून, पोटातून वर आला. एक 'घे' पडला आणि त्याच्या मागे मनगटाची घसीट लांबत गेली, विझायच्या आत पुढच्या बोलाला मिळाली. दिवाकरांनी डोळे मिटले. डग्ग्याची अशी लांबत राहणारी आस त्यांना किती दिवसांनी भेटत होती. त्यांचा डावा हात आपोआप मांडीवर आला.

तनयने बॉक्स डाव्या कोपऱ्यात सरकवून पाहिला.

"इथे मोठा झाला," दिवाकर म्हणाले, "पण बुडबुडतोय. बोल एकमेकांत मिसळतायत. मघाचंच बरं होतं. मधोमध, तोंड मागे."

तनयने बॉक्स पुन्हा मधे आणला, मीटर लावला आणि हसला. अगदी पोरवयात हसायचा तसा. "मीटरही तेच म्हणतोय बाबा. अमित, ऐकलंस का?"

टेबलाशी काम करणारा त्याचा भागीदार अमित म्हणाला, "काकांचा कान आहे तो. आपल्या दुकानाला आधी मिळायला हवा होता."

दिवाकरांना शब्द नीट कळले नाहीत, पण तनयचा चेहरा दिसत होता. त्या चेहऱ्याला आणखी काहीतरी द्यावंसं त्यांना वाटलं. इतक्या वर्षांचं देणं राहिलं होतं.

"आणि बाईंचा गळा," ते म्हणाले, "किती स्वच्छ येतोय रे! आलापातला एकेक स्वर वेगळा ठेवल्यासारखा. घरच्या टेपवर असा कधी आला नव्हता."

ते खोटं बोलत नव्हते. कुठल्या मात्रेला बाई श्वास घेतात, हेही त्यांना पाठ होतं. डग्गा सुरू झाला की गाणं त्यांच्या आत आपोआप चालू व्हायचं.

तनयचं हसू तसंच राहिलं, पण डोळे हलले.

"हो," तो म्हणाला. "छान येतोय."

अमितचे हात थांबले होते. तो दिवाकरांकडे पाहत होता, मग त्याने घाईने टेबलाकडे पाहिलं. दिवाकरांची नजर तिकडे गेली. टेबलावर फडक्यावर दोन गोल स्पीकर उपडे ठेवलेले होते. त्यांनी आपल्या गुडघ्याशेजारी पाहिलं. गाडीच्या दाराचं आतलं कव्हर काढलेलं होतं. स्पीकरच्या जागी भोक होतं, आणि टोकांना टेप गुंडाळलेल्या वायरी लोंबत होत्या.

जाड आवाजाची जागा ठरवायची म्हणून तनयने एकटा मागचा बॉक्सच चालू ठेवला होता. बाईंचा गळा या गाडीत मुळी वाजलाच नव्हता.

"अमित, चहा घेऊन ये ना," तनय म्हणाला.

अमित गेल्यावर त्याने गाणं बंद केलं आणि शेजारच्या सीटवर येऊन बसला. बोलताना त्याने तोंड पूर्ण वडिलांकडे वळवलं.

"केव्हापासून?"

"क्लास बंद केला, त्याच्या आधीपासून."

"आईला माहीत आहे?"

"नाही. ती अजून तेल लावते."

दिवाकर स्टिअरिंगवरून अंगठा फिरवत राहिले.

"उद्घाटनाला बोलावलंस ना," ते म्हणाले, "तेव्हा मला सगळं ऐकू येत होतं."

तनयने समोरच्या काचेकडे बघत उत्तर दिलं. मग वडिलांना ते कळलं नसेल हे लक्षात येऊन तो पुन्हा वळला आणि तेच, जरा मोठ्याने म्हणाला, "त्या दिवशी हेच रेकॉर्डिंग लावून ठेवलं होतं. तुम्ही आत येताना सुरू करायचं म्हणून."

दिवाकरांनी मान खाली घातली.

थोड्या वेळाने तनय उठला. त्याने टेबलावरचे स्पीकर आणले, वायरी जोडल्या, दोन्ही दारांत ते घट्ट बसवले. गाणं पहिल्यापासून लावलं.

"आता?"

"नाही."

त्याने बारीक आवाज वाढवले. मग आणखी वाढवले. शेजारच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला. चहाचे ग्लास घेऊन परतलेला अमित शटरपाशीच थबकला आणि त्याने खांद्यात मान घातली. त्याच्याकडे बघून दिवाकरांना कळलं, केवढा मोठा आवाज झालाय ते.

तनयचे ओठ हलले. "आता, बाबा?"

'हो' म्हणणं सोपं होतं. तनयने ते मानलंही असतं.

"नाही रे," दिवाकर म्हणाले.

तनयने आवाज हळूहळू खाली आणला. शेजारचा माणूस आत गेला. बटणावरचं बोट न काढता तनयने विचारलं, "आणि डग्गा?"

दिवाकरांनी तळवा सीटवर टेकवला, जरा थांबले.

"डग्गा येतोय," ते म्हणाले. "बॉक्स आहे तिथेच राहू दे."

तनयने मान हलवली आणि स्क्रू घेऊन तो डिकीकडे गेला.