गच्चीवरचं दुसरं वळण

भूगावच्या गोजराबाईंना भाडेकरू काही नवे नव्हते. शेत बिल्डरला दिल्यापासून त्यांच्या तीनमजली घरात कोणी ना कोणी राहायचंच. पण वरच्या खोलीतल्या प्रियदर्शिनीचा काही अंदाजच लागेना. ती छोटं विमान चालवायची. आठवड्यातून चार दिवस कंपनीची गाडी न्यायला यायची. आणि आता बारा दिवस झाले, गाडी नाही आणि बाई घराबाहेर नाही.

"रजा आहे काकू," ती म्हणाली होती, तेही नजर चुकवून.

रजा, मग चेहरा असा का उतरलेला? शिवाय रोज दुपारी, सगळी आळी सामसूम असताना, गच्चीवरून तिचं इंग्रजी ऐकू यायचं. कुणाला तरी उत्तर दिल्यासारखं. पलीकडून मात्र आवाज नाही.

"फोनवर बोलत असेल," मुलगा किशोर म्हणाला.

"फोन खोलीत वाजत व्हता तवा. मी काय बहिरी हाय का?"

एके दिवशी टाकीचं निमित्त काढून गोजराबाई वर गेल्या आणि जिन्याच्या दारातच थबकल्या. काळपट कोब्यावर पिवळ्या खडूच्या रेघाच रेघा, मधे अक्षरं, आकडे. प्रियदर्शिनी हातात कागद धरून, अनवाणी, एका रेघेवरून चालत होती. कोपऱ्याशी थांबली, मागे गेली, पुन्हा तीच चाल. गोजराबाई पाय न वाजवता खाली आल्या.

दुसऱ्या दिवशी प्रियदर्शिनीच्या नावाचं कुरिअर आलं. पाकिटावरचं वाचून किशोर गंभीर झाला. "आई, चौकशी समितीचं आहे हे."

मग मात्र गोजराबाईंना धीर धरवेना. विमानातून सोनं आणतात, ते त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. पाकीट घेऊन त्या तडक गच्चीवर गेल्या.

"खरं सांग पोरी. सोनं आनलंस का आनिक काय? माझ्या घरात पोलीस नगं."

प्रियदर्शिनी आधी हसली. मग कठड्याला टेकून खालीच बसली.

"सोनं नाही काकू. मी चुकीच्या जागी वळले."

पंधरा दिवसांपूर्वी, दुसऱ्या राज्यातल्या एका विमानतळावर, उड्डाणाआधी तिला धावपट्टीच्या अलीकडे थांबायचं होतं. ती थेट धावपट्टीवरच गेली, आणि समोरून दुसरं विमान उतरत होतं. त्या वैमानिकानं आयत्या वेळी विमान पुन्हा वर उचललं, म्हणून निभावलं.

"माझ्या मागे नऊ माणसं बसली होती. समितीला वाटतं माझं लक्ष फोनमध्ये होतं. नव्हतं. पण मग मी वळले का, तेच कळत नाही. म्हणून तो विमानतळ इथं आखून रोज तसंच चालून बघते, कंट्रोल टॉवरला दिलेली उत्तरंही पुन्हा देते. आता मलाच माझा भरवसा वाटत नाही."

गोजराबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. पडलेल्या चेहऱ्याचं माणूस खरंच बोलतं असं थोडंच आहे?

"दाव मला. कुटनं कुटं जायचं व्हतं?"

"इथून या रेघेवर सरळ. पहिलं वळण सोडायचं, दुसऱ्याला डावीकडे वळायचं. पुढे आडवी रेघ आहे, तिथं थांबायचं. त्यापलीकडे, कठड्यालगत, धावपट्टी."

गोजराबाईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि निघाल्या. पहिलं वळण सोडलं. मग डावीकडे वळल्या आणि चालत चालत थेट कठड्याला जाऊन भिडल्या.

"आडवी रेघ कुटं हाय?"

"काकू, तुम्ही आधीच वळलात. तिथं वळण नाही."

"न्हाई कसं? ही काय रेघ!"

प्रियदर्शिनी जवळ आली. काल तिथं चुकून काढलेली रेघ तिनं ओल्या फडक्यानं पुसली होती. उन्हात वाळून ती पांढुरकी उमटली होती, शेजारच्या पिवळ्या रेघेपेक्षाही ठळक.

"ही मी पुसली होती."

"पुसलीस, पर गेली न्हाई."

प्रियदर्शिनी त्या रेघेकडे बघतच राहिली. "त्या दिवशी पाऊस पडून गेला होता," ती हळूच म्हणाली. "ऊन समोरून. विमानतळावरचं एक जुनं वळण बंद करून त्याची रेघ काळ्या रंगानं झाकली होती. ओला रंग चमकत असणार. मी ती चमक धरून गेले."

"का आता सुचतंय सोयीचं?"

"माहीत नाही काकू. बघायला सांगते."

संध्याकाळीच तिनं समितीला लिहिलं: त्याच वेळेला, जमीन ओली असताना, वैमानिकाच्या उंचीवरून फोटो काढा. उत्तर यायला तीन आठवडे लागले. तोवर गोजराबाई रोज विचारायच्या, आणि विचारताना तिचे डोळे बघायच्या.

फोटोत झाकलेली रेघच खऱ्या रेघेपेक्षा उठून दिसत होती. विमानतळानं ती खरवडून काढली आणि तिथं दिव्याची पाटी लावली. प्रियदर्शिनीला मात्र दोन महिने विमानाला हात लावायला बंदी झाली. आडवी रेघ दिसली नाही की थांबून विचारायचं असतं, ती थांबली नव्हती.

"म्हंजी चूक तुजी का त्यांची?"

"दोघांची."

हे उत्तर गोजराबाईंना पटलं. सगळी चूक दुसऱ्याची म्हणाली असती, तर त्यांनी विश्वास ठेवला नसता.

"घरी ठावं हाय का?"

प्रियदर्शिनीनं नकारार्थी मान हलवली. मुठा गावात तिची आई अजून समजत होती, की लेक रोज आकाशात आहे.

"मंग आजच जा. किशोर सोडंल."

त्या दुपारी किशोरच्या गाडीत ती मागच्या सीटवर बसली, आणि आईला पहिलं वाक्य काय बोलायचं ते मुठा येईपर्यंत जुळवत राहिली.