उजव्या टोकाचा गंज

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि समजा, तुमच्यासमोर एक जुनी मोटार उभी आहे. दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे बाहेर आलेले, दाराखाली पाय ठेवायला लांब फळी, आणि सगळ्यांत पुढे एक आडवा चकचकीत पट्टा. त्याला बंपर म्हणतात. त्यात तुमचं तोंड दिसतंय, पसरट, हसू येईल असं. आणखी जवळ जा. तुमच्या उजव्या हाताला जे टोक आहे तिथं बघा. मोहरीएवढे लाल ठिपके दिसले? बोट फिरवा. खरखरीत लागतं. प्रत्येक ठिपक्याखाली एक बारीक खड्डा आहे.

या खड्ड्यांनी अख्तरीची झोप उडवली होती.

अख्तरी हिंगोलीजवळच्या गोरेगावची, दहाएक वर्षांची. तेव्हा आपल्याकडे निजामाचं राज्य होतं आणि पंचक्रोशीत मोटार एकच होती, उकंडराव मालकांची. ती चालवायचे अख्तरीचे अब्बा, मोहियोद्दीन. उकंडराव मनानं वाईट नव्हते, पण गाडीवरचा डाग त्यांना खपत नसे. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी बंपरावरून बोट फिरवलं आणि ते अब्बांच्या नाकासमोर धरलं. बोट लाल झालं होतं.

"मोहियोद्दीन, गाडी पुसतो का नुसती गोंजारतो?"

"रोज पुसतो, मालक."

"मग गंज काय आभाळातून पडून राहिला? उद्या पूजा हाय. आज साफ कर. अन् दिवाळीला मी पुन्हा बोट फिरवीन. लाल झालं, तर हिंगोलीहून दुसरा डायवर आणतो. मग म्हणू नको, मालकानं सांगितलं न्हाई."

अख्तरी दाराआड उभी होती. तेव्हापासून तिचा पाय एका जागी ठरेना. भाकरीचा तुकडा मोडायची, तो तसाच ठेवून गाडीकडे पळायची, बंपर बघायची आणि परत यायची.

"पोरीच्या पायाला भिंगरी लागली का काय!" अब्बा म्हणाले. "ये, बस. बघ तरी मी काय करतो ते."

मालकांनी टाकलेल्या सिगारेटच्या डबीतला चांदीचा कागद त्यांनी चुरगाळला, पाण्यात बुडवला आणि ठिपक्यांवर हलक्या हातानं फिरवू लागले. लाल पाणी ओघळलं.

"काथ्यानं घासा ना अब्बा. पटकन निघंल."

"काथ्या अन् राख लावली तर गंजाबरोबर मुलामाबी जाईल. आपल्या भांड्यांना कल्हई असते ना, तसा हा मुलामा. खाली लोखंड, वर पातळ चकाकी. कागद मऊ हाय. तो गंज उचलतो, चकाकीला ओरखडा करत न्हाई."

"अन् खड्डे?"

"खड्डे राहणार. गेलेला मुलामा परत येत न्हाई, बेटा. कोरडं करायचं, वरून मेण चोळायचं, म्हणजे खड्ड्यात पाणी शिरत न्हाई. एवढंच आपल्या हातात."

दुपारी अब्बा जेवायला गेले. अख्तरीला एवढा धीर कुठला! तांब्याचा हंडा चिंच-मिठानं कसा लख्ख होतो, हे तिनं रोज पाहिलं होतं. तिनं चिंचेचा गोळा आणला, चिमूटभर मीठ घेतलं आणि राहिलेल्या ठिपक्यांवर चोळलं. ठिपके गेले! ती तिथंच एक गिरकी घेऊन नाचली. अब्बा हात पुसत येईपर्यंत मात्र त्या जागी पुन्हा लाली चढली होती, आधीपेक्षा जास्त.

अब्बांनी बोट लावून चाखलं. "मीठ?"

अख्तरीनं मान खाली घातली.

"हंडा तांब्याचा असतो. त्याला चालतं. इथं खड्ड्यात लोखंड उघडं पडलंय. मीठ ओल धरून ठेवतं, अन् ओल मिळाली की लोखंड गंजतं." ते रागावले नाहीत. त्यांनी ती जागा भरपूर पाण्यानं धुतली, कोरडी केली आणि पुन्हा चांदीचा कागद हाती घेतला.

पण अख्तरीच्या डोक्यात आता वेगळाच किडा वळवळू लागला. आपण मीठ लावलं आणि गंज आला. मग इतके दिवस काय लागत होतं? अब्बांना वाटायचं, गाडी गोठ्याशेजारी उभी असते म्हणून गंज येतो. तसं असतं तर दोन्ही टोकं गंजली असती. डावं टोक तर आरशासारखं होतं. आणि उजवीकडचे ठिपके कुठूनही कसेही आलेले नव्हते. वर दाट, खाली विरळ होत गेले होते. काहीतरी वरून ओघळल्यासारखे.

ती पालथी पडून गाडीखाली बघू लागली. मुंग्या! बंपरामागच्या फटीत मुंग्यांची रांग चालली होती. त्या फटीत अब्बांचा हात जात नसे, अख्तरीचा गेला. बोटांना चिकट काही लागलं. तिनं ओढून काढलं. नारळाची शेंडी, गंजानं लाल झालेली, आणि खोबऱ्याची एक कपची.

तिला सगळं आठवलं. घटस्थापनेला मालक नरसीला देवदर्शनाला निघाले, तेव्हा त्यांनी नारळ कानाशी हलवला होता, पाणी वाजतं का ऐकलं होतं आणि खाडकन याच टोकावर फोडला होता. ते नेहमी इथंच फोडत. उजव्या हाताला हेच टोक यायचं ना! घावानं मुलामा तडकायचा आणि नारळाचं खारट-गोड पाणी आत मुरायचं.

"अब्बा, मालकांना सांगा!"

अब्बांनी शेंडी उलटसुलट करून पाहिली आणि तिच्या हातात परत दिली. मग म्हणाले, "काय सांगू? तुमच्या पूजेनं गाडी खाल्ली म्हणून? देवाचं काम हाय, बेटा. मी कसं बोलू?"

"पण खरं हाय ना?"

"खरं हाय. पण ते सांगायला तोंडबी तसं लागतं. एकदा म्हटलं होतं मी, मालक, दगडावर फोडू का? तर म्हणाले, गाडीचा नारळ गाडीवरच फुटतो. संपलं. तू गप राहा."

ती गप राहिली. पण उद्या पुन्हा नारळ फुटणार, पुन्हा पाणी मुरणार, आणि दिवाळीला मालकांचं बोट लाल होणार, हे तिला दिसत होतं. अब्बा मेण चोळत होते आणि ती अंगणात येरझाऱ्या घालत होती.

खंडेनवमी म्हणजे ज्याच्यावर आपलं पोट चालतं, त्या हत्याराची पूजा. सकाळी गाडी धुऊन अंगणात उभी केली होती. बंपर नव्यासारखा दिसत होता. बोट फिरवलं तरच खड्डे कळत. पुढं पोत्यावर अब्बांनी गाडीची हत्यारं मांडली: नट फिरवायचे पाने, जॅक, हवेचा पंप. उकंडरावांनी हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली, माळ बांधली. "वा, मोहियोद्दीन! दाढी करता येईल ह्याच्यात बघून," असं म्हणत त्यांनी नारळ उचलला. कानाशी हलवला. अब्बांनी डोळे खाली वळवले.

अख्तरी पळाली. गाडीच्या फळीवर एक दगड असायचा. गाडीचा ब्रेक कच्चा होता. चढावर गाडी थांबली की उडी मारून तो दगड चाकाला लावायचा, आणि अख्तरी सोबत असली की ते काम तिचं. तिनं तो पोटाशी धरून आणला आणि पोत्यावर, पान्यांच्या शेजारी, मालकांच्या पायापुढं ठेवला.

"हे काय मधीच?" उकंडराव म्हणाले.

"मालक, ह्याची पूजा राहिली. हाबी गाडीचाच हाय. हा नसता तर पुसेगावच्या चढावरून गाडी मागंच आली असती."

जमलेली माणसं हसली. उकंडरावही हसले. "व्हय, खरं हाय ते." त्यांनी दगडाला कुंकू लावलं आणि पुन्हा बंपराकडे वळून हात उगारला.

"ह्याच्यावर फोडा ना मालक. गाडीचाच हाय तो."

"अख्तरी, बाजूला हो!" अब्बा पुढं सरसावले.

"थांब रे, मोहियोद्दीन. काहून गं पोरी? बंपरावर काहून नको?"

अख्तरीनं अब्बांकडे पाहिलं. ते मान हलवून नको म्हणत होते. मग तिनं ओढणीच्या टोकाची गाठ सोडली आणि ती लाल शेंडी मालकांच्या तळहातावर ठेवली.

"ही त्याच्या मागं होती. नारळाचं पाणी आत जातं अन् तिथंच लाल होतं. दुसरीकडं न्हाई. बघा तुमी."

उकंडरावांनी शेंडी बोटांत चुरली. बोटं लाल झाली. त्यांनी बंपराच्या उजव्या टोकावरून हात फिरवला, मग डाव्या टोकावरून, मग पुन्हा उजव्या. अब्बांकडे पाहिलं. धोतर सावरत ते हळूहळू दगडापुढं उकिडवे बसले आणि नारळ त्यांनी परत एकदा कानाशी हलवला.

दगड एका बाजूनं गोल होता, घाव बसला की लवंडला असता. अख्तरी त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसली, आणि तिनं तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.