पुढचं पळणारं, मागचं टिकणारं

टायर म्हणजे टायर, काळं आणि गोल, एवढंच मला ठाऊक होतं. गेल्या आठवड्यात त्या काळ्या गोलानं माझ्या डोक्याचा पार भुगा केला.

मी सरू. धाटावच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे, ठेकेदाराकडून. शिफ्ट सातची. आमचं गाव कोलाडच्या बाजूला आत, तिथनं कंपनी अकरा किलोमीटर. पहिली एसटी सव्वासातला येते, म्हणजे ती माझ्या काय कामाची? मिनीडोरवाला सीट भरल्याशिवाय हलत नाय. म्हणून सायकल. लवकर निघावं म्हटलं तर नळाला पाणी साडेपाचला येतं आणि सहाला जातं. हंडे भरायचे, दारातली काटी बाजूला सारायची, सायकल बाहेर काढायची आणि सहा-दहाला पायडल मारायचं. पावणेसातच्या पुढेमागे मी वाटेतल्या वरसे गावाच्या अलीकडे असते.

पण महिन्यात दोनदा चाकात काटा शिरून सायकल बसली. दोन्ही वेळा एकाच ठिकाणी, आदिवासी वाडीच्या फाट्यावर. दोन्ही वेळा मी उशिरा पोचले. दुसऱ्या वेळी, शनिवारी, सुपरवायझर निकेशनं रजिस्टर फिरवून माझ्यासमोर धरलं. "सरूताई, तिसरी लाल खूण पडली की मी काय करू शकत नाय. ठेकेदार दुसरी बाई आणतो." आवाज चढवला नाय त्यानं, म्हणूनच जास्त भीती वाटली. माझा नवरा प्रदीप ट्रेलरवर असतो, महिन्यातनं चार दिवस घरी. ही नोकरी माझी आहे, मी मिळवलेली. ती एका काट्यापायी घालवू?

फाट्यावर कान्हूचं पंक्चरचं दुकान आहे. शनिवारी सायकल त्याच्या बंद दुकानासमोरच टाकून गेले होते. परत येताना तो म्हणाला, "टायर गुळगुळीत झालेत. जाड घाल, डबल नायलॉन. काटा आत शिरायचा नाय."

"मग झालं तर."

"पण जड चालंल. रोज पाच-सात मिनिटं जास्त धर."

पाच-सात मिनिटं? माझ्याकडे मिनिटंच तर नाहीत! घरी आले तर धाकटा दीर आदेश मोबाईल घेऊन तयारच. तो म्हणे, बारीक टायर घे वहिनी, कडक हवा भर, सायकल कशी पळते बघ. मग दुसरा व्हिडिओ लावला. त्यातला माणूस म्हणे, बारीक टायर खडीत मरतं, रुंदच बरं, आणि रुंदही पळतं. तिसऱ्यात हवाच नसलेलं भरीव टायर. चौथ्यात ट्यूबमध्ये घालायचं पांढरं औषध, भोक पडलं की आपोआप बुजवणारं. मी विचारलं, "यातलं खरं कुठचं?" तर आदेश म्हणाला, "सगळंच." आता काय बोलायचं या माणसाला?

सासरे ओटीवर बसून ऐकत होते. बाबाजी त्यांचं नाव, आम्ही बाबा म्हणतो. "हवा कमी ठेव गो सरू. मऊ चाकाला काटा टोचत नाय." त्यांच्या पंचाहत्तर वर्षांत त्यांनी सायकल चालवलेली नाय, पण सल्ला द्यायला सायकल कशाला लागते? त्यांचा जीव वालात. भात कापलं की गुरं मोकाट सुटतात, आणि घराला लागूनच आमचा वाल. म्हणून बाबा स्वतः काटी, म्हणजे काटेरी फांद्या, लावतात. कुंपणाला काटी, बांधाला काटी, आणि संध्याकाळी गुरं आत शिरू नयेत म्हणून दारातल्या वाटेवरही एक मोठी आडवी काटी.

रोह्यात नुसतीच साधी टायरं. म्हणून रविवारी गाडीनं पेणला गेले. वाटेतल्या कासूपर्यंत खिडकीत डोकं टेकून एकच जप चालू, बारीक की जाड, बारीक की जाड. समोरची बाई शेवटी म्हणाली, "मुलगी बघायला चाललाव काय?"

पेणचा दुकानदार जितेश चांगला माणूस, पण त्यानं तर कहर केला. सात टायर काउंटरवर मांडले. "याच्यात आत पट्टी आहे, काटा अडवते. पण पळायला जरा जड. हे पळतं, पण याच्यात पट्टी नाय. हे पळतं आणि पट्टीपण आहे."

"मग तेच द्या."

"तुमच्या चाकाला बसत नाय."

मी कपाळाला हात लावला. एक टायर दाबून बघितलं, दुसरं दाबून बघितलं, मला तर दोन्ही सारखीच लागली. इकडे आड, तिकडे विहीर! जड घेतलं तर रोजचा उशीर, हलकं घेतलं तर कधीतरी पंक्चर, आणि माझ्या नशिबात उशिराला जागाच नाय. पंधरा मिनिटं मी तिथं नुसती उभी. रडू येईल असं वाटायला लागलं, आणि टायरापायी रडणाऱ्या बाईचा मला मनापासून राग आला.

शेवटी जितेशनंच तोडगा काढला. "भार मागच्या चाकावर असतो. मागं पट्टीवालं घ्या, पुढं पळणारं." मी हो म्हटलं. पुढचं पळणारं, मागचं टिकणारं! तेवढी एकच गोष्ट मला त्या दिवशी शहाणपणाची वाटली.

दोन्ही टायर गळ्यात अडकवून संध्याकाळी फाट्यावर उतरले. सायकल सकाळीच कान्हूकडे ठेवली होती, तो टायर बसवायला लागला. तिथं टपरीवर सात-आठ माणसं चहा पीत होती, आणि तेवढ्यात समोरून भिकू आला. वाडीतला भिकू, आमच्याकडच्या शेतकऱ्यांना काटी तोडून देतो. हातात कोयता, खांद्यावर दोर. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोन्ही वेळा सायकल कुठं बसली? वाडीपाशी. काटी कोण तोडतं? वाडी!

"भिकू, रस्त्यावर काटे टाकून ठेवता व्हय रे तुम्ही?" मी तिथूनच ओरडले. "माझी नोकरी चालली तुमच्यापायी! मोळ्या फरपटत न्यायच्या आणि मागं बघायचंसुद्धा नाय?"

टपरीवरचा एकजण म्हणाला, "बरोबर हाय, माझीपण गाडी परवा बसली." दुसऱ्यानं मान हलवली. भिकू थांबला, माझ्याकडे बघितलं, कोयता या हातातनं त्या हातात घेतला. "बघतो ताई," एवढंच म्हणाला आणि वाडीकडे वळला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. दोन दिवसांत पहिल्यांदा काहीतरी कळल्यासारखं झालं.

सोमवारी पाणी भरलं, काटी उचलून बाजूला ठेवली, सायकल काढली, सहा-दहाला निघाले. काय पळत होती! मागचं चाक जरा घुमत होतं, पण पुढचं हलकं. मी खुशीत. वाडी आली आणि बघते तर रस्ता स्वच्छ. दोन्ही कडा झाडलेल्या, खराट्याच्या ओळी मातीत उमटलेल्या. पुढं भिकूची बायको कमळी वाकून अजून झाडतच होती. फाट्यापासून तिथपर्यंतचा सगळा रस्ता त्या बाईनं उजाडायच्या आत झाडला होता.

मी काहीतरी बोलणार, तोच हँडल जड झालं. पुढचं चाक बसलं. झाडलेल्या रस्त्यावर! सहा-चाळीस झाले होते, कान्हूचं दुकान बंद, आणि मला काहीच सुचेना. कमळीनं खराटा टाकला, चाक फिरवलं, बोटानं चाचपलं आणि काटा ओढून काढला. लांब, सरळ, हिरवट.

"हा लिंबोणीचा," ती म्हणाली. "ओला हाय. तीन-चार दिवसांमागं तोडलेला असंल."

वाडीत लिंबोण कुठली! लिंबोण आमच्या परसात. बाबांनी गुरुवारी छाटली आणि त्याच डहाळ्या दारातल्या आडव्या काटीत खोचल्या. तिच्याआधी करवंदीची होती. रोज पहाटे मी ती उचलते, चार काटे खाली गळतात, त्यांच्यावरनं सायकल ढकलते. हवा हळूहळू जाते आणि सात किलोमीटरवर चाक बसतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

भिकू खोपीतनं आला. त्यानं चाक बघितलं, काटा बघितला आणि आत जाऊन स्वतःची सायकल काढून आणली. उंच, दांड्याची, सीट फाटलेली. "जा ताई. सात वाजतील."

"आणि तू? तुझा टेम्पो?" रोज सातला नाक्यावरनं मजुरांचा टेम्पो सुटतो आणि तिथवर भिकू सायकलनंच जातो, मला ठाऊक होतं.

"तू जा आधी."

गेले. लाज वाटली, पण गेले. तीन मिनिटं कमी सातला अंगठा लावला. निकेशनं घड्याळ बघितलं आणि हसून मान हलवली. दिवसभर डबे भरले.

साडेतीनला परत आले. भिकू खोपीच्या दारात बसला होता, म्हणजे कामावर गेलाच नव्हता. माझी सायकल भिंतीला टेकून, ट्यूबला ठिगळ लावून, हवा भरून तयार.

मी सरळ बोलले. "भिकू, काटा माझ्याच दारचा. काल मी सगळ्यांसमोर तुला बोलले ते चुकलं."

"व्हय," तो म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"लिंबोणीचं नव्हतं माहीत. पण आमची मोळी या रस्त्यानं येतच नाय. रानातनं डोक्यावर, बांधाबांधानं, थेट शेतात. फरपटत कोण नेईल? निम्मी काटी वाटेतच गळंल."

"मग झाडलंत कशाला?"

कमळीनं आतनंच उत्तर दिलं. "तू ओरडलीस ना. टपरीवर सगळ्यांनी ऐकलं. उद्या कुणाचंपण चाक बसलं असतं तरी आमचंच नाव आलं असतं, आणि काटी तोडायला कोण बोलावतंय मग?"

मी भिकूकडे बघितलं. माझा आवाज चढला, का चढला मलाच कळलं नाय. "अरे, मग तेव्हाच का नाय सांगितलंस, तिथंच, सगळ्यांसमोर?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस, ताई?"

नसतं ऐकलं.