जबलची काळी लेक

मी चामटोलीच्या विठाबाईंची म्हातारी शेळी आहे, मित्रांनो. रंगाने काळी, अंगाने बेताची. माझे कान ताठ उभे राहत नाहीत, नीट खाली लोंबतही नाहीत. दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले असतात. बाजारात माझ्यासमोर कुणी कधी थांबले नाही. पण माझ्या आयुष्यात जे घडले ते आठवले, की अजूनही रवंथ करता करता माझा जबडा मध्येच थांबतो.

माझी आई विठाबाईंची फार लाडकी होती. लहानखुरी, काळी कुळकुळीत, कान ताठ उभे, कपाळावर एवढासा पांढरा ठिपका. तिचे खूर अरुंद आणि टणक होते. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर माणसे घसरून पडत. आई मात्र डोंगराच्या कडेला उभी राहून निवांत पाला खात असे. भर पावसातही ती कधी शिंकली नाही, असे विठाबाई सांगत.

त्या दिवसांत कल्याणजवळच्या लष्कराच्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली माणसे राहू लागली होती. त्या वसाहतीला उल्हासनगर असे नवे नाव मिळाले होते, पण आमच्याकडे सगळे तिला कॅम्पच म्हणत. विठाबाईंचे यजमान नाथाभाऊ बैलगाडीत गवताच्या पेंढ्या भरून अंबरनाथवरून तिकडे विकायला नेत. एकदा विठाबाईही बरोबर गेल्या, आणि एका बराकीच्या दारात त्यांनी माझ्या बापाला पाहिले.

त्या डोक्यावरचा भारा खाली ठेवायच्या विसरल्या. असा बोकड त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. वासराएवढी उंची, तांबूस अंगावर काळपट ठिपके, पोपटाच्या चोचीसारखे बाकदार नाक. कान तर इतके लांब, की तो पाणी प्यायला वाकला की ते आधी भिजत.

"हा जबल," त्याचा मालक म्हणाला. बुलचंद त्याचे नाव, वय झालेले. तो हिंदी आणि मोडके मराठी मिसळून बोले. "आमच्या बोलीत जबल म्हणजे डोंगर. पूरा कळप होता, बेटी. मारवाडच्या वाटेने आलो. गाडीच्या मालडब्यात एवढा एकच जिंदा राहिला."

"बाबा, माझी शेळी याच्याकडं आनली तर चालंल?" विठाबाईंनी विचारले.

बुलचंदने जबलच्या मानेवरून हात फिरवला. "आण. इथे याचं कोणी नाही."

विठाबाईंनी आईला गाडीत घालून नेले. शेजारच्या बकुळाबाईंनीही आपली एक शेळी त्याच गाडीत चढवली. नाथाभाऊंना हे फारसे पसंत नव्हते. "लय मोठा हाय तो," ते म्हणाले. "आपल्या शेळीचा जीव केवढा." पण विठाबाईंच्या डोळ्यांपुढून तो बोकड हलत नव्हता.

नाथाभाऊंचे म्हणणे खरे ठरले. बकुळाबाईंची शेळी थोराड होती, ती सुखरूप व्याली. माझ्या आईच्या पोटात मात्र दोघे होतो, आणि पहिला आला तो माझा भाऊ. बापाचे भारी हाड घेऊन तो त्या छोट्या शेळीच्या पोटी वाढला होता. आई दुपारपर्यंत कण्हत राहिली. विठाबाईंनी हाताला तेल लावून त्याला सोडवले. त्याच्यामागून मी अलगद आले. आईने मला चाटले, अर्धे अंग कोरडे केले आणि मान टाकली.

माझे उरलेले अंग विठाबाईंनी पदराने पुसले. "माझा हावरटपना नडला तिला," एवढेच त्या बोलल्या. पुढे कितीतरी दिवस जबलचे नाव त्यांनी घरात कुणाला काढू दिले नाही.

गाईच्या दुधावर आम्ही दोघे वाढलो. भाऊ बघता बघता घोड्यासारखा झाला. कुळगावहून माणसे त्याला बघायला येत, त्याची मांडी चाचपत, माना डोलावत. मित्रांनो, आमची जात माणूस मांसासाठी पाळतो, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. भाऊ भरात आला तेव्हा खाटीक आला, आणि दावे धरून त्याला घेऊन गेला. विठाबाई त्या दिवशी शेतावरून उशिरा परतल्या. मला कुणी चाचपले नाही, म्हणून मी राहिले.

पुढच्या पावसाळ्यात जबल गेला. त्याची जात कोरड्या वाळूतली. बराकीपुढच्या चिखलात उभे राहून राहून त्याचे खूर कुजले, मग छातीत कफ भरला. बुलचंदने आपल्या अंथरुणाखालची फळी काढून त्याच्या पायाखाली घातली होती, तरी तो वाचला नाही.

ही बातमी सांगायला बुलचंद स्वतः चामटोलीला आला. अंगणात बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "त्याचं काही राहिलं असेल तर एक बार बघतो."

नाथाभाऊंनी खाली बघत माझा भाऊ विकल्याचे सांगितले. बकुळाबाईंच्या शेळीला झालेला बोकड दाखवला. तो माझ्यासारखाच काळा, कान तसेच आडवे. मग विठाबाईंनी मला पुढे केले. बुलचंदने माझा कान बोटांत धरला, नाकावरून अंगठा फिरवला, पाठीवरचे केस उलटे करून पाहिले. जबलचा तांबूस रंग त्याला कुठेच सापडला नाही.

"यात तो नाही," तो हळूच म्हणाला आणि उठला.

मी जनावर असले, तरी तो स्वर मला कळला. वेशीपर्यंत मी त्याच्यामागे गेले. त्याने वळून पाहिले नाही.

त्यानंतर नाथाभाऊंनी मला विकायचे मनात घेतले. "ना आईसारखी, ना बापासारखी. कशाला ठेवायची?" ते म्हणायचे. विठाबाईंनी त्यांना एवढेच सांगितले, "एक वेत होऊ द्या. मग तुमी म्हनाल ते."

डोंगरावर चरायला जाताना बकुळाबाईंचा काळा बोकड आमच्याच कळपात असे. त्याच्यापासून मी गाभण राहिले. दोघेही जबलचीच लेकरे, आया वेगळ्या. माझे पोट मोठे दिसू लागले तशी विठाबाईंची झोप उडाली. त्या माझ्या कुशीवर हात ठेवून बसत. "हिचंबी तसंच झालं तर?" असे एकदा नाथाभाऊंना म्हणाल्या. नाथाभाऊंनी गोठ्यातल्या ओल्या जागेवर मुरूम टाकला आणि वर कोरडे गवत पसरले. मला विकायची गोष्टही पुन्हा काढली नाही.

सकाळी उन्हे गोठ्यात येत होती तेव्हा माझ्या कळा सुरू झाल्या. विठाबाई तेलाची वाटी घेऊन बसल्या. पण त्या तेलाची गरजच पडली नाही. वरून मी कितीही बेताची दिसत असले, तरी बापाने मला एक गोष्ट दिली होती, आणि ती कुणाला दिसली नव्हती. माझे कमरेचे हाड रुंद होते. ज्या थोर हाडाने माझ्या आईचा जीव घेतला, त्याच हाडाने माझी वाट मोकळी केली.

पहिले करडू गवतावर आले. विठाबाईंनी त्याच्या तोंडावरचा चिकटा पुसला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. करडू तांबूस होते, अंगावर काळपट ठिपके. नाक चोचीसारखे वाकलेले. ओले कान इतके लांब, की उठायला धडपडताना ते स्वतःच्याच कानावर पाय देत होते. दोन काळ्यांच्या पोटी जबल आला होता.

त्याच्यामागून दुसरे आले. ती पाट होती, मादी करडू. एवढीशी, काळी कुळकुळीत, कान उभे. विठाबाईंनी तिचे कपाळ पदराने पुसले, आणि तिथे एवढासा पांढरा ठिपका निघाला.

त्यांनी ठिपक्याला बोट लावून पाहिले. मग तिला उराशी धरून त्या खाली बसल्या. नाथाभाऊ दारातून आत आले, एकाकडे बघितले, दुसऱ्याकडे बघितले आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"दोघं परत आली गं," ते म्हणाले.

मी त्यांना चाटत होते. कुठे होती ही दोघे इतके दिवस? माझ्या अंगात वरून कुठेच नव्हती. बुलचंदच्या जाणत्या बोटांनाही ती लागली नव्हती. आणि तरी मी चरत होते, झोपत होते, पावसात भिजत होते, तेव्हा ती माझ्याच आत होती. मित्रांनो, हे मला आजही समजलेले नाही, आणि समजले नाही याचे मला वाईटही वाटत नाही.

नाथाभाऊ गाडी जुंपून बुलचंदला घेऊन आले. काय झाले ते त्यांनी वाटेत सांगितले नव्हते. बुलचंद गोठ्यात वाकून आला. तांबूस करडू त्याच्याकडे बघत उभे होते. त्याने त्याचा कान तळहातावर घेतला आणि टोकापर्यंत अंगठा फिरवला. नंतर तो माझ्याकडे वळला. माझ्या कपाळाला त्याने आपले कपाळ टेकवले. त्याची दाढी ओली झाली होती.

"बाबा, घेऊन जा त्याला," विठाबाई म्हणाल्या. "तुमचाच हाय तो."

बुलचंदने करडाचा पाय उचलला. खूर दाबून पाहिला, उलटा करून पाहिला. तो अरुंद आणि टणक होता, इथल्या कातळावरचा.

"नाही बेटी," तो म्हणाला. "जबलला या जमिनीने उभं राहू दिलं नाही. हा उभा राहील. याला इथेच राहू दे. मी येत जाईन."

आणि तो येत राहिला. माझा तो लेक आषाढात डोंगरावर चढे तेव्हा बुलचंद खाली छत्री धरून बघत उभा असे. नाथाभाऊंनी माझ्या लेकाला खाटकाला दिले नाही. कुळगावपासून अंबरनाथपर्यंतच्या शेळ्या त्याच्याकडे येऊ लागल्या. पुढच्या पिढ्यांत एकाला एक जुळेना. कुणी थोराड, कुणी ठेंगणे. कुणाचे कान लोंबते, कुणाचे कागदाच्या पुंगळीसारखे. त्यांतले पुष्कळ बाजारात गेले. पण साध्या दिसणाऱ्या पाटीला कुणी मागायला आले, की नाथाभाऊ आता म्हणतात, "थांब जरा. हिच्या पोटात कोन हाय ते अजून कळायचं हाय."

मित्रांनो, आता मला दात राहिलेले नाहीत. विठाबाई मला पाला चुरून घालतात. तुमच्या दारात एखादे जनावर असेल, तर त्याच्या पायाखाली कोरडी जागा ठेवा, आणि त्याच्या रूपावरून त्याची किंमत ठरवू नका. ते किती जणांना आत घेऊन चालले आहे, ते त्यालाही ठाऊक नसते.

मागच्या आठवड्यात माझ्या पणतीला करडू झाले. राखेच्या रंगाचे, चारही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. बुलचंदने ते मांडीवर घेऊन उलटेपालटे पाहिले.

"आमच्यात असा कधी नव्हता," तो म्हणाला.

"आमच्यातबी नव्हता," विठाबाई म्हणाल्या.

करडू त्याच्या मांडीवरून उतरले आणि अंगणभर उड्या मारत सुटले. आम्ही तिघेही ते कुणाचे, कुठून आले, याचा विचार करत त्याच्याकडे बघत बसलो.