तिची बसायची बाजू

“दाजी, पाइप काढा तो. तुटेल काहीतरी,” मेहुणा म्हणाला.

त्याने ऐकलं नाही. पान्याच्या दांड्यावर हातभर लांब पाइप चढवला होता, त्यावर त्याने सगळं अंग टाकलं. इंजिनचा शाफ्ट बोटभर फिरला, कर्र असा आवाज झाला आणि परत अडकला.

“हाताने फिरला पाहिजे तो. तुम्हीच सांगत होता ना?”

“हो.”

“मग हे काय चाललंय?”

त्याने पाना पुन्हा नीट बसवला. पुढच्या खोलीत, जिथे आधी सोफा होता तिथे, लाकडी घोडीवर गाडीचं इंजिन उलटं ठेवलं होतं. भिंतीला टेकून ट्रे, डबे, बरण्या, आणि प्रत्येकावर बायकोच्या हातची चिठ्ठी. चार वाजता भंगाराचा ट्रक यायचा होता. गाडीची शेड उद्या पाडणार होते, आणि घरमालकीणबाईंनी दोनदा मुदत वाढवून तिसऱ्यांदा हात जोडले होते. शेवटी मेहुण्याने एक शब्द दिला होता. आज शाफ्ट मोकळा फिरला, तर ट्रक परत पाठवायचा आणि गाडी त्याच्या दारात नेऊन ठेवायची. नाही फिरला, तर सगळंच जायचं.

आत्ता पावणेदोन झाले होते.

“आणि फिरला तरी चालवणार कोण?” मेहुणा म्हणाला. तो बस कंडक्टर होता, बोलताना सगळ्या बसला ऐकू जाईल असं बोलायचा. “गाडी ताई चालवायची. तुम्ही बाजूला बसून गियर बदलायच्या वेळी डोळे मिटायचा.”

“मिटत नव्हतो.”

“ताई सांगायची ना! म्हणायची, तुझे दाजी बोगदा आल्यासारखे करतात.”

त्याला हसू आलं, आणि हसू आल्याचा राग आला.

तो स्वतः मीटर रीडर होता. आयुष्य लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपण्यात गेलं. इंजिनशी त्याचा संबंध नव्हता. पण गॅरेजवाल्याने “टाकून द्या” म्हटल्यावर बायको म्हणाली होती, “टाकायच्या आधी उघडून तरी बघू. तुम्ही खोला, मी लिहिते.” ती शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. लिहिणं हे तिचं काम. शेडमध्ये ओल, तिचे गुडघे दुखायचे, म्हणून इंजिन घरात आणायचं तिनेच ठरवलं. चौघांनी ते आत आणलं तेव्हा शेजारीण दारातून म्हणाली, “सून आणली का हो?” बायको म्हणाली, “हो, आणि खायलाही फार लागतं तिला.”

दोन आठवडे खोलणं चाललं. त्याने नट सैल करून भाग काढायचा, तिच्या हातात द्यायचा, तिने जागा बघून चिठ्ठी लावायची. मग एका सकाळी ती शाळेत गेली ती परत आली नाही. बाटल्यांच्या कपाटापाशी कोसळली, असं शिपाई सांगत आला होता. त्याला पाच महिने झाले.

शाफ्ट म्हणजे इंजिनचा कणा. तो पाच जागी टेकतो, आणि प्रत्येक जागी वरून एक लोखंडी टोपी बोल्टने आवळतात. पाचही टोप्या दिसायला सारख्याच, पण प्रत्येक आपल्याच जागी बसते, अदलाबदल झाली की शाफ्ट अडकतो. कंपनीने टोप्यांवर कोरलेले आकडे आधीच्या कुणा मिस्त्रीने ग्राइंडर फिरवून घालवले होते. आता आधार होता तो फक्त तिच्या चिठ्ठ्यांचा. एक ते पाच. त्याने इंजिनच्या पुढच्या टोकाकडून, म्हणजे पट्टा फिरतो त्या बाजूने मोजत, चिठ्ठीबरहुकूम टोप्या बसवल्या होत्या.

“एक विचारू? रागावू नका,” मेहुणा म्हणाला. “ताईचीच गडबड झाली असेल.”

“नाही.”

“माणूस आहे, दाजी. होते चूक.”

“बावीस वर्षं तिने ॲसिडच्या बाटल्यांवर नावं लिहिली. एक चुकली असती तर पोरं भाजली असती. एक चुकली नाही. तू मला सांगू नकोस.”

मेहुणा उठला. “चहा ठेवतो,” म्हणून आत गेला.

त्याने परत पाइप लावला. या वेळी भिंतीला पाय देऊन ओढलं. कर्र. बोटभर, मग आणखी बोटभर, मग काहीच नाही. हाताची साल निघाली. तो पाना टाकून उभा राहिला, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, “काय लिहून ठेवलंस गं हे?”

जिला विचारायचं ती घरात नव्हती. आपणही तेच म्हणालो जे मेहुणा म्हणाला, हे त्याला कळलं. जवळ होतं ते तिचं स्टूल, खिडकीपाशी. पाच महिन्यांत तो त्यावर बसला नव्हता. तो बसला.

बसल्या जागेवरून इंजिनचं दुसरं टोक त्याच्या पुढ्यात आलं. पट्ट्याची बाजू लांब, पलीकडे, जिथे तो रोज उभा असायचा. हाताजवळची टोपी पाचवी.

त्याची पाचवी. इथून पाहणाऱ्या माणसाची पहिली.

इंजिन पट्ट्याच्या बाजूने मोजतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं तर त्यानेच. ती उजेडाला बसली होती, गुडघा लांब करून, आणि जी हाताशी होती तिला तिने एक म्हटलं. एकतीस वर्षं जेवायला समोरासमोर बसलो, तो मनात म्हणाला, आणि तिला तिथून काय दिसतं ते एकदा विचारलं नाही.

“अरे, ये इकडे!” तो ओरडला.

दोघांनी दहा बोल्ट सोडले. मधली टोपी तिथेच, बाकी चारही उलट क्रमाने, पाचच्या जागी एक, चारच्या जागी दोन. त्याने एकेक आवळली, आणि दरवेळी शाफ्ट फिरवून बघितला. पाचवी आवळून झाल्यावर पाइप नको, पाना नको, त्याने नुसत्या हाताने शाफ्ट धरला आणि तो फिरला.

“फिरला!” मेहुण्याच्या हातातला चहा सांडला. “फिरला की, दाजी! ट्रकवाल्याला फोन करतो.”

“थांब.”

एका जागी शाफ्ट खरखरत होता. त्याने दोन नंबरची टोपी परत उघडली, तेल पुसलं आणि लोखंडावरून नख ओढलं. नख अडकलं. पुन्हा ओढलं. पुन्हा अडकलं. चकचकीत गोलाईवर बोटभर चर पडला होता, ताजा, मघाच्या पाइपच्या जोराचा. बसवण्याआधी लेथवाल्याने यंत्रावर शाफ्ट घासून देताना बजावलं होतं, हे शेवटचं माप, यापुढे यात लोखंड उरलेलं नाही. आणि या गाडीचा दुसरा शाफ्ट शोधून कुठे मिळाला नव्हता.

“काय झालं?”

“मी घालवला. तिने बरोबर लिहिलं होतं, मी जोर लावला.”

“पण फिरतोय ना? आपलं ठरलं होतं फिरला तर. मी नेतो गाडी.”

“चालू केलं तर दहा मिनिटांत जाम होईल. तुझ्या दारात धूळ खात पडेल. खोटं कशाला बोलू तुझ्याशी?”

मेहुण्याने तोंड फिरवलं. कंडक्टरचा आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक. “ताईचं होतं म्हणून म्हणतो हो,” एवढंच तो म्हणाला.

पावणेचारपर्यंत त्याने उघडलेली टोपी तेल लावून पुन्हा बसवली. मग दहाही बोल्ट क्रमाने, ठरलेल्या जोराने आवळले. मेहुणा बघत राहिला.

ट्रक वेळेवर आला. तीन माणसं आत आली, खोलीत इंजिन दिसताच एकमेकांकडे बघून हसली.

“काका, चालतं का हो हे?” पुढच्याने विचारलं.

“फिरतं,” तो म्हणाला, आणि चौथ्या कोपऱ्याला हात घालून त्यांच्याबरोबर उचलायला वाकला.