नात्याचा रकाना

पहिल्यांदा व्हिसा नाकारला गेला तो निव्वळ खरेपणामुळे. 'प्रवासाचा हेतू' या रकान्यात तेलवाल्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : काज मशीन दुरुस्त करणे. आता पर्यटक म्हणून अर्ज करायचा आणि हेतू असा लिहायचा, मग कुठला अधिकारी सोडेल? मुलाखतीत त्याने विचारलं, मजुरी किती मिळणार? हे म्हणाले, काही नाही. फुकट कोण राबतं हो, असं त्याने विचारल्यावर हे म्हणाले, "मशीन चांगलं आहे." संपलं. शिक्का बसला आणि त्रेसष्ट वर्षांचा माणूस आला तसा घरी गेला.

इकडे काकूंनी कपाळाला हात लावला.

काकू म्हणजे बाजारातल्या मशीनवाल्या काकू. शिलाई मशीन दुरुस्तीचं त्यांचं दुकान आहे. नऊ वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हा दुकान विकून टाका म्हणणारे पुष्कळ भेटले. काकूंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शटर वर केलं. वय अठ्ठावन्न. हाताला मशीनच्या तेलाचा वास कायमचा. तेलवाले म्हणजे दूरच्या देशातले एक विधुर गृहस्थ, धंदा तोच. काकूंनी एकदा जुन्या मशीनांच्या एका ग्रुपवर आपल्या बिघडलेल्या काज मशीनचा फोटो टाकला. वीसेक शहाण्यांनी सांगितलं, भंगारात द्या. एकाने लिहिलं, "आधी तेल घाला. मग बोलू." सूनबाईने त्यांचं नावच तेलवाले ठेवलं.

काकूंनी तेल घातलं आणि बोलणं सुरू झालं. त्याला आता सव्वा वर्ष झालं. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी काकू फोन सुटे भागांच्या डब्याला टेकवून ठेवायच्या आणि चाळीस मिनिटं दोघं बोलायचे. तेही दोघांनाही धड न येणाऱ्या तिसऱ्याच भाषेत. इथे त्यांचं बोलणं मी सरळ करून देतोय. प्रत्यक्षात ते असं काही लंगडत चालायचं की ऐकणाऱ्याला दया यावी. मशीनचं म्हणाल तर ते आता तीन काजं झकास पाडायचं आणि चौथ्याला कापड खायचं. पण बोलणं काही मशीनपुरतं राहिलं नव्हतं. ही गोष्ट सूनबाईला तिसऱ्या महिन्यात कळली, मुलाला सहाव्या महिन्यात, आणि काकूंना कधी कळली ते त्या कुणाला सांगत नाहीत.

दुसऱ्या अर्जाची तारीख मिळाली तेव्हा सोबत एक ओळ होती : या वेळीही नकार आल्यास पुढची दोन वर्षं अर्ज करता येणार नाही. तरुण माणसांना दोन वर्षं म्हणजे काही नाही. काकूंनी ती ओळ वाचली आणि बोटांवर हिशेब केला. त्रेसष्ट आणि दोन पासष्ट, अठ्ठावन्न आणि दोन साठ. तेलवाल्यांचा उजवा गुडघा आत्ताच कुरकुरत होता.

मग सूनबाईने पदर खोचला. ती विम्याच्या कचेरीत दावे तपासायला बसते. माणूस कुठे अडखळतो, कुठे गरजेपेक्षा जास्त बोलतो, हे ओळखणं तिच्या हातचा मळ. ती म्हणाली, "आई, तुम्ही बाजूला बसा. अधिकारी मी होते." चष्मा नाकावर खाली ओढून ती फोनसमोर बसली आणि पहिलीच अट घातली : मशीन हा शब्द तोंडातून निघाला की नापास.

"तिथे जाऊन काय करणार?"

"बघणार," तेलवाले म्हणाले.

"काय काय?"

"तळं. संग्रहालय. जुना पूल." पाठ केलेलं असल्याने ते घाईघाईत म्हणाले.

"तळ्यावर काय कराल?"

"तळं बघेन."

"किती वेळ?"

तेलवाल्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "केवढं आहे ते?"

सूनबाईने सासूकडे पाहिलं. काकूंना सांगता येईना. तळ्यावर त्या शेवटच्या गेल्या होत्या ते मुलगा प्राथमिक शाळेत असताना. संग्रहालयात तर जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. ज्या गावात बसून परक्या माणसाला पर्यटक करायला निघालो ते गाव आपण तरी कुठे पाहिलंय, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं.

रविवारी सासूसुना सगळं बघून आल्या. तळ्याला फेरी मारायला पस्तीस मिनिटं लागतात, पुलाला नऊ कमानी आहेत, संग्रहालयाच्या तीन खोल्यांपैकी एक कायम बंद असते, ही सगळी माहिती काकूंनी कागदावर उतरवून घेतली. संग्रहालयात एक उंच जुनं घड्याळ होतं. काकूंनी त्याच्या तोंडाचा फोटो काढला नाही. त्याच्या मागे वाकून, भिंतीकडच्या फटीत डोकं घालून आतल्या चाकांचा काढला. रखवालदार ओरडला. सूनबाई लाजेने अर्धी झाली. काकूंनी शांतपणे दुसरा फोटो काढला.

पुढच्या सकाळी त्याचा गुण दिसला. घड्याळाबद्दल विचारल्यावर तेलवाले सलग चार वाक्यं बोलले, डोळे चमकवून बोलले, अगदी हौशी प्रवाशासारखे. सूनबाई खूश होऊन मान डोलवत होती, तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "ते बंद आहे, पण मला दहा मिनिटं दिली तर..."

"नापास!" सूनबाई ओरडली.

असे पंधरा दिवस गेले. परत का जाल, याचं उत्तर त्यांना शिकवावं लागलं नाही. बहीण आहे, दुकान आहे, गिऱ्हाइकांची बारा मशीनं खोलून ठेवली आहेत. घोडं अडलं ते वेगळ्याच प्रश्नावर.

"ज्या घरात उतरणार, तिथल्या बाई तुमच्या कोण?"

"सहकारी," तेलवाले म्हणाले.

"म्हणजे कामाला चाललात. नापास."

"मैत्रीण."

सूनबाईने पेन गालाला लावलं. कचेरीत बसल्यासारखी ती म्हणाली, "मैत्रीण म्हटलं की त्याला लगेच वास येणार. लग्न करून तिथेच राहाल, परत यायचं नाव घेणार नाही, असं धरून चालणार तो. आणि कुणीच नाही म्हणावं, तर मग घरात कसे उतरता? याहून जास्त नको, याहून कमी नको, असं काहीतरी हवं."

काकू बाजूला स्टुलावर बसून हातातला स्क्रू ड्रायव्हर नुसताच फिरवत होत्या. आपल्याला असं मापून कापलं जाताना ऐकणं काही सुखाचं नसतं. त्या एकदम म्हणाल्या, "ओळखीच्या. ओळखीच्या बाई आहेत, असं सांगा."

पलीकडे तेलवाल्यांनी पाठांतराचा कागद खाली ठेवला.

"ओळख तर माझी पोस्टमनशीही आहे," तेलवाले म्हणाले.

"तेच सांगा."

"बरं."

त्या दिवशी फोन अकरा मिनिटं लवकर संपला. नंतर काकूंनी एका शिंप्याच्या मशीनला सुई उलटी बसवून दिली. असं कधी झालं नव्हतं.

त्या असं का बोलल्या? बाजार काय म्हणेल याची भीती काकूंना नव्हती. बाजाराला त्यांनी केव्हाच खिशात घातलं होतं. त्यांना भीती होती मुलाची. तो रागीट नाही. मोजणी खात्यात आहे, जमिनी मोजतो, आणि बोलतोही मोजूनच. 'ते' या विषयावर त्याने सव्वा वर्षात एकदाच तोंड उघडलं होतं : "आपल्याकडचं पाणी त्यांना चालेल का?" यातून कुणी काय अर्थ काढायचा? आणि घर त्याच्या नावावर होतं. वडील गेल्यावर काकूंनीच ते करून दिलं होतं. पाहुण्याला बोलावणारं पत्र घरमालकाच्या सहीचं लागतं, आणि त्या पत्रात एक रकाना असतो : पाहुण्याचं घरमालकाशी नातं.

काकूंनी पत्र मुलासमोर ठेवलं. तो म्हणाला, "बघतो."

बघण्यात आठ दिवस गेले. पत्र त्याच्या बॅगेतून कचेरीत जायचं आणि संध्याकाळी तसंच परत यायचं. काकूंनी विचारलं नाही. जेवताना त्या त्याच्याकडे बघायच्या आणि तो ताटाकडे. नवव्या दिवशी हात धुताधुता तो म्हणाला, "पाठवलं त्यांना."

"सही केलीस?"

"केली."

"आणि तो रकाना?"

"भरला."

एवढंच. 'ओळखीचे' लिहिलं असेल, असं धरून काकू झोपायला गेल्या. पोटच्या पोराला एक शब्द विचारण्याची हिंमत होत नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

मुलाखतीच्या दिवशी त्यांनी दुकान उघडं ठेवलं. बंद ठेवून घरी बसल्या असत्या तर वेड लागलं असतं. दुपारी फोन वाजला तेव्हा एक बाई मशीनचा पट्टा बदलून घ्यायला आल्या होत्या. त्यांना तिथेच बसवून काकू मागच्या बाजूला गेल्या.

तेलवाल्यांनी सगळं क्रमाने सांगितलं, एखादं मशीन कसं खोललं ते सांगावं तसं. अधिकाऱ्याने विचारलं काय बघणार. मी तळं, पूल, घड्याळ सांगितलं. घड्याळ बंद आहे हे सांगितलं नाही. तो हसलासुद्धा. परत का याल, विचारलं. बारा मशीनं सांगितली. मग म्हणाला, या बाई कोण. मी म्हटलं, ओळखीच्या.

"मग?"

"मग त्याने तुमच्या मुलाचं पत्र माझ्याकडे फिरवलं. नात्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे लिहिलंय, 'घरचे'."

काकूंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय लिहिलंय?"

"घरचे. तो म्हणाला, तुम्ही सांगता ओळखीच्या, घरमालक लिहितो घरचे. खरं कुणाचं?"

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, मुलाचं. बाई जरा घाबरतात."

काकू सुट्या भागांच्या खोक्यावर खाली बसल्या.

"शिक्का बसला," तेलवाले म्हणाले. "दोन वर्षं."

"अहो, पण का?" काकूंचा आवाज चढला. बाहेरच्या बाईंनी नक्कीच मान वळवली असेल. "इतकं शिकवलं तुम्हाला! पोराला इंग्रजी-बिंग्रजी नीट जमत नाही, चुकून लिहिलं, असं काहीही सांगायचं!"

"मला सुचलं होतं ते." ते थोडं थांबले. "पण त्याची सही होती खाली. त्याच्या सहीवर बसून त्यालाच खोटं पाडू? मी त्याला अजून भेटलोही नाही."

काकूंनी फोन तसाच कानाला धरून ठेवला, आणि पलीकडेही कुणी ठेवला नाही. शेवटी पट्टेवाल्या बाईंनी हाक मारली तेव्हा त्या उठल्या, पट्टा बदलला, आणि तो मात्र नीट बदलला.

संध्याकाळी घरात बातमी सांगायची वेळ आली. सूनबाईने ऐकून "मेला तो रकाना!" म्हटलं. मुलगा बूटसुद्धा न काढता खुर्चीत बसून राहिला.

"माझ्यामुळे झालं," तो म्हणाला. "आठ दिवस विचार केला होता गं. पाहुणे लिहून बघितलं, परिचित लिहून बघितलं. रोज सकाळी तुझा दुकानातला आवाज ऐकतो मी, जाता जाता. असं हसताना तुला मी लहानपणानंतर ऐकलं नव्हतं. दुसरा शब्द बसतच नव्हता तिथे."

इतकी वाक्यं एका दमात बोललेला मुलगा काकूंनी कधी पाहिला नव्हता. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ते त्यांनी पुसलं नाही. व्हिसा गेल्याचं दुःख खरंच होतं, पण हे पाणी त्याचं नव्हतं.

"त्यांना दोन वर्षं येता येणार नाही," सूनबाई हळूच म्हणाली. "पण आई, तुम्हाला जायला कुणी अडवलंय?"

मुलाने तिच्याकडे पाहिलं. मग बॅग उघडली. सरकारी खात्यातला माणूस. कोरा अर्ज त्याच्याकडे असायचाच, तेलवाल्यांच्या देशाचा तर त्याने कधी काढून ठेवला होता कोण जाणे. त्याने तो टेबलावर पसरला, पेनचं टोपण काढलं आणि लिहायला लागला. नाव. जन्मतारीख. पत्ता. काकू त्याच्या खांद्यामागे उभ्या राहून बघत होत्या.

"प्रवासाचा हेतू?" त्याने विचारलं.

"पर्यटन," सूनबाई चटकन म्हणाली. "तिथेही तळं असेलच कुठेतरी."

"लग्नाला चाललेय, असं लिही," काकू म्हणाल्या.

"कुणाच्या?"

"माझ्या."

मुलाचं पेन कागदावर टेकलेलं होतं. तिथे शाईचा एक ठिपका मोठा होत गेला.

"आई, पण त्यांना विचारलंस का?"

"विचारायचं काय त्यात?" काकू म्हणाल्या. "घरचे आहेत म्हणून ते आज दुपारी व्हिसाच्या खिडकीवर सांगून आलेत."